शेकडा नऊची टोपली

मी एक जुनी वेताची टोपली आहे. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली एका शिकल्यासवरल्या माणसाने मला लाथ मारली. माझा डावा काठ तेव्हापासून आत बसलेला आहे. मित्रांनो, टोपलीच्या तोंडी एवढा राग शोभत नाही, असे तुम्हाला वाटेल. वाटू द्या. म्हाताऱ्या झालेल्या सगळ्यांनी गोडच बोलावे, असा कुठे नियम नाही.

माझा जन्म एका अरुंद गल्लीत झाला. तिथे एक बाई उंबऱ्यात बसून वेत भिजवायची, सोलायची आणि दातांत धरून वाकवायची. तोंडात वेत असल्यामुळे ती विणताना कोणाशी बोलत नसे. माझा तळ तिने दुहेरी विणला, कारण मला न्यायला आलेल्या बाईंनी तिला बजावले होते, "ही भाजीची टोपली नाही. हिला वर्षानुवर्षं एकच ओझं उचलायचंय."

विणणारीने तोंडातला वेत काढला आणि म्हणाली, "ओझं तेच असलं म्हणून हलकं होत नाही हो."

मला नेणाऱ्या बाई एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. त्या प्रत्येक तासाला एकदा तरी विचारत, "याला वजन किती द्यायचं?" म्हणून मुले त्यांना पाठीमागे 'वजनबाई' म्हणत. त्यांनी मला पहिल्यांदा वर्गात नेले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. टेबलावर खडूची भुकटी होती. बाईंनी ती हाताने झाडली, मला ठेवले आणि पहिल्या बाकावरच्या मुलाला महागाईची व्याख्या विचारली.

"सामान्य किंमतपातळीत होणारी सततची वाढ," त्याने धडाधड सांगितले.

"छान. ही किंमतपातळी राहते कुठे? तुला कधी रस्त्यात भेटली आहे?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ती हिच्यात राहते."

अशा रीतीने टोपलीदिवस सुरू झाला. दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी पहिल्या वर्षाची मुले मला घेऊन बाजारात जात आणि तीच दुकाने, त्याच वस्तू, तेवढेच माप, असे सगळे घेऊन येत. पीठ, साखर, तेल, मीठ, चहा, साबण, काडेपेट्या, एक वही, एक विजेचा दिवा, सुईदोरा. साध्या घराला जे जितके लागते तितके माझ्यात जाई. बाई सांगत, "सुईदोरा दुप्पट महागला तर घर कुरकुरतं. पीठ थोडंसं महागलं तर घर उपाशी राहतं. म्हणून पिठाला वजन जास्त." पहिल्या वर्षी मला भरायला जो खर्च आला, त्याला त्यांनी 'शंभर' म्हटले. पुढच्या वर्षी एकशे चार झाले. टोपली तीच, ओझे तेच, आणि पैसे चार जास्त. मुलांना महागाई समजली. पुस्तकातल्या चौदा पानांचे काम मी एका सकाळी करत असे, हे मी फुशारकीने सांगत नाही. खरे म्हणजे फुशारकीनेच सांगते.

बाईंचे एक वाक्य तर मुले जिन्यातही म्हणत फिरायची. "पगार नोटांत मोजू नका, टोपल्यांत मोजा." पगाराच्या नोटा वाढल्या आणि टोपल्या तेवढ्याच राहिल्या, तर माणूस जिथल्या तिथेच असतो. टोपल्या घटल्या, तर नोटा वाढूनही तो गरीब झालेला असतो.

ती माझी चांगली वर्षे होती. मग माझ्या नशिबी करार आला.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातले आणि झाडलोट करणारे कामगार एकदा फाटकाबाहेर बसले. पगारवाढ किती, यावर भांडण होते. व्यवस्थापन एक आकडा सांगे, कामगार दुसरा. त्यांची पुढारी होती स्वयंपाकघराची मुख्य, जिला अख्खे कॉलेज मावशी म्हणत असे. तिचा आवाज फाटकापासून वाचनालयापर्यंत जाई. तिनेच तोडगा काढला. "तुमच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही. त्या वेताच्या टोपलीवर आहे. पोरं भरतात, मी दरवर्षी खिडकीतून बघते."

ठरले. टोपली शेकडा जितकी महागेल, तितका पगार वाढेल. बाईंना धन्य वाटले. मला मात्र भीती वाटली. तोवर मुले माझ्यात काय आहे ते बघत. त्या दिवसापासून सगळे माझ्यातून काय निघेल ते बघू लागले.

आता खजिनदाराविषयी. कॉलेजचा खजिनदार हा बाईंचा सख्खा दीर. त्याला 'ते' म्हणावे असे मला वाटत नाही, म्हणून मी म्हणणार नाही. कडक इस्त्री, खिशात टोक काढलेली पेन्सिल, आणि स्वतःही अर्थशास्त्रातच पहिल्या वर्गात उत्तीर्ण. बाई वरच्या मजल्यावर राहत, तो खालच्या. एकाच जिन्यावरून दोघे कॉलेजला निघत आणि जिन्यातच त्यांचा पहिला तास होई. परीक्षेचे कागद नेण्यासाठी बाई मला कधी कधी घरी नेत, म्हणून मी तो ऐकला आहे.

चौऱ्याहत्तर उजाडता उजाडता दूर कुठेतरी खनिज तेलाचे भाव चौपट झाले होते. त्यामागून गाड्यांचे भाडे चढले, भाड्यामागून पीठ, पिठामागून सगळेच. दुकानांपुढे रांगा लागत. मावशी बाईंना म्हणाली होती, "पगार तोच आहे हो, पण महिना आता विसाव्या तारखेलाच संपतो. यंदा टोपलीप्रमाणे मिळालं नाही, तर धाकटीला शाळेतून काढावं लागेल. थोरलीला काढलं तेव्हाच मी शपथ घेतली होती, पुन्हा नाही म्हणून."

आणि जिन्यात खजिनदार म्हणत होता, "वहिनी, तुमची टोपली यंदा आम्हाला भिकेला लावणार. पगार वाढला की फी वाढवावी लागेल. फी वाढली की मुलांचे बाप आपापल्या मालकांकडे पगार मागतील. मग पुन्हा भाव वाढतील. हे चक्र तुम्हीच शिकवता ना?"

"शिकवते. ते खरंच आहे, भाऊजी. पण ते चक्र मावशीने फिरवलं नाही. फिरत्या चक्रातून उतरा म्हणून फक्त तिलाच का सांगताय?"

"कुणाला तरी आधी उतरावंच लागतं."

"मग तुम्ही उतरा. तुमच्या पगाराचं काय ठरलंय यंदा?"

तो भराभर जिना उतरून गेला. खाई त्याला खवखवे.

फेब्रुवारीचा तो सोमवार उजाडला. बाई परीक्षेच्या कामात अडकल्या होत्या, आणि नेमका त्याच वेळी खजिनदार वर्गात आला. भाव वाढलेले त्यालाही ठाऊक होते, म्हणून त्याने पाकीट चांगले जाड दिले. आणि हसत म्हणाला, "यातून जे वाचेल, ते तुमच्या सहलीला."

वर्गाने बाक वाजवले. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच. त्याने यादीला हात लावला नाही, दुकान बदलले नाही, मला तर स्पर्शही केला नाही. त्याने फक्त मुलांना सहल दिली.

वर्गाची म्होरकी होती त्याचीच मुलगी, म्हणजे बाईंची पुतणी. जिभेची अशी तिखट की दुकानदार तिला बघूनच गल्ला बंद करत. घरात ती बाईंना काकू म्हणे, पण कॉलेजात कटाक्षाने बाई.

"एवढा भाव?" ती किराणावाल्याला म्हणाली. "काका, अख्ख्या वर्गासमोर हा आकडा तोंडातून काढवतो कसा?"

"भाव माझा नाही गं. वरून आलाय."

"मग वरच्यांनाच विका की."

मुले खिदळली. किराणावाल्याने तिच्याकडे पाहिले, मग तागडीकडे पाहिले. "बरं बाई. तुझ्या भावाने घे."

आणि त्याचे बोट पारड्याच्या कडेवर अलगद टेकले. कोणी बघितले नाही. साखर माझ्यात पडली तेव्हाच मला कळले. तेलवाल्याने बाटली गळ्यापर्यंत न भरता खांद्यावरच थांबवली. साबणाचे वेष्टन तेच होते, वडी मात्र चपटी. मापात पाप म्हणतात, ते प्रत्येक दुकानात थोडे थोडे माझ्यात भरत गेले. मुले गाणी म्हणत परत आली. सहलीचे पैसे भरपूर वाचले होते.

दुपारी सभागृहात सगळे जमले. एका बाजूला व्यवस्थापनाची मंडळी खुर्च्यांवर, दुसरीकडे भिंतीला टेकून कामगार. पुतणीने उभे राहून मोठ्या दिमाखात आकडा वाचला.

"गेल्या वर्षीपेक्षा शेकडा नऊ."

 मग भिंतीकडून मावशीचा आवाज आला. "नऊ? कुठल्या गावचा बाजार केलात गं पोरींनो? तोंडाला पानं पुसायची, तर पुसायची पानंसुद्धा यंदा नऊ टक्क्यांत मिळत नाहीत."

"टोपलीवर विश्वास आहे ना तुमचा?" खजिनदार म्हणाला.

बाई नुकत्याच आल्या होत्या. दरवर्षीच्या सवयीने त्यांनी मला जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवायला घेतले, आणि त्यांचा हात मध्येच थांबला. त्यांनी मला खाली ठेवले. पुन्हा उचलले.

"हिच्यात काय कमी आहे?"

"काही नाही, बाई. सगळं यादीप्रमाणे आहे," पुतणी म्हणाली.

"स्वयंपाकघरातला तराजू आणा."

तराजू आला. साखर कमी भरली, पीठ कमी भरले, तेल कमी, चहा कमी. पुतणीचा चेहरा उतरत गेला. मित्रांनो, मला त्या पोरीची कीव आली नाही. भाव पाडताना तिला किती गंमत वाटली होती, ते मी पाहिले होते.

खजिनदार मात्र डगमगला नाही. "दुकानदाराने माप मारलं, त्यात आकड्याचा काय दोष? भाव तर ठरलेलाच आहे. त्याच भावात पूर्ण माप आणता येतं."

"येतं?" बाई म्हणाल्या.

"येतं."

"मग हा माल परत करा. मुलांनी खर्च केले तेवढेच पैसे घ्या. तीच दुकानं, पूर्ण माप. तुम्ही स्वतः आणा, भाऊजी. आणलंत तर मी शेकडा नऊवर सही करते. सगळ्यांसमोर शब्द देते."

"बाई!" मावशी ओरडली. "आमचा पगार पैजेवर लावता?"

 रागात माणूस दुसऱ्याचे पणाला लावतो, तेच बाईंनी केले. मला त्या आवडत, तरी हे मी लपवणार नाही.

खजिनदार उठला. दुकानदारांनी भाव पुतणीशी ठरवला होता, म्हणून तिला बरोबर घेतले. मी तिच्या हातावर होते.

किराणावाल्याने ऐकून घेतले आणि मान हलवली. "साहेब, पूर्ण माप हवं तर पूर्ण भाव. पोरांना भाव हवा होता, मी भाव दिला. माप त्यांनी मागितलंच नाही."

"मी कॉलेजचा खजिनदार आहे."

"असाल. साखर तुम्हाला ओळखत नाही."

खजिनदाराने मागे वळून पाहिले. रस्त्यात ओळखीचे कोणी नव्हते. त्याने पाकीट बाजूला ठेवून कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि स्वतःच्या नोटा गल्ल्यावर ठेवल्या. साखर, पीठ, चहा, सगळे काटेकोर मोजून माझ्यात आले. नव्या साबणाची वडीही आली, जाडजूड.

"बाबा, हे पैसे विभागाचे नाहीत," पुतणी हळूच म्हणाली.

"गप्प बस. घरचं घरात राहू दे."

तेलवाल्याकडेही तेच झाले. परतताना तो स्वतःहूनच बोलू लागला. "तुझ्या काकूला वाटतं, महागाई म्हणजे फळ्यावरची रेघ. तिजोरीत काय आहे ते मला विचार. ही वाढ दिली तर फी वाढेल, मुलं कमी होतील, मग मावशीला पगार कोण देईल? तुझी काकू?"

"मग हे सभागृहात सांगा ना सगळ्यांना. खोटी टोपली कशाला?"

तो पुढे चालू लागला. मी तिच्या हातावर जड झाले होते, जितके असायला हवे तितकेच. जन्मात पहिल्यांदा मी पूर्ण भरलेली होते आणि पूर्ण खोटी होते. ओरडून सांगावेसे वाटत होते, पण टोपलीला तोंड असते ते फक्त उघडे राहण्यासाठी.

सभागृहात बाईंनी मला उचलले. वजन बरोबर होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मला खुर्चीशेजारी जमिनीवर ठेवले आणि पेनाचे टोपण काढले. दिलेला शब्द मोडणे त्यांना जमत नसे.

"चला गं," मावशी बायकांना म्हणाली. "शिकलेल्यांचं आपसांत जमलं. आपण भांडी घासू."

"काकू."

बाईंनी मान वर केली. कॉलेजच्या आवारात पुतणीने त्यांना पहिल्यांदाच काकू म्हटले होते.

"काकू, सही करू नका. बाबांनी स्वतःच्या खिशातले घातले. दोन्ही दुकानांत."

खजिनदार तिच्या अंगावर धावला. मध्ये मी होते. ती लाथ तिच्यासाठी होती की माझ्यासाठी, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. माझा काठ मोडला, मी कोलांटून भिंतीपाशी गेले, बाटली फुटली, पिठात तेल कालवले गेले. "ही टोपली कॉलेज बुडवणार आहे," तो ओरडत होता. "लिहून ठेवा!"

बाई गुडघ्यांवर बसल्या आणि सांडलेली साखर ओंजळीने माझ्यात भरू लागल्या. त्यांनी वर न बघता विचारले, "किती घातलेत ते सांगा, भाऊजी. बेरीज करायची आहे."

त्याने सांगितले नाही. त्याच्या मुलीने सांगितले. बेरीज झाली. शेकडा एकतीस.

मला हे सांगायला मुळीच आवडत नाही, पण खजिनदाराचेही म्हणणे पुरते खोटे नव्हते. वाढ दिली गेली आणि जूनमध्ये फी वाढली. काही मुले परत आली नाहीत. व्यवस्थापनाने त्याच उन्हाळ्यात करार रद्द केला. टोपलीदिवस बंद झाला. मला कपाटावर टाकले. माझ्यात आधी उत्तरपत्रिका ठेवल्या, मग मोडक्या पंख्याची पाती, मग कोणी काहीच ठेवले नाही. वर्गात महागाई पुन्हा चौदा पानांची झाली. जिने साऱ्या कॉलेजला शिकवले, तिच्यावरची धूळ झटकायला एकालाही उंच स्टूल सापडले नाही.

मावशीची धाकटी शाळा शिकली आणि पुढे परिचारिका झाली. मावशीने दोन वर्षांनी नोकरी सोडली, कारण पुढच्या वाढी टोपलीच्या नव्हत्या, व्यवस्थापनाच्या मर्जीच्या होत्या. तिने फाटकासमोर खानावळ काढली. भावाची पाटी ती खडूने लिही. रंगवून घे म्हटले, की म्हणे, "रंग वाळेपर्यंत भाव बदलतो." बाईंचे तिने कधी आभार मानले नाहीत. "माझा पगार पैजेवर लावलात," एवढेच ती भेटेल तेव्हा ऐकवी, आणि जेवणाचे पैसे मात्र घेत नसे.

किराणावाल्याचे दुकान मुलाने मोठे केले. माप सुधारले की नाही, मला माहीत नाही.

बाई आणि त्यांचा दीर पुन्हा कधी एकमेकांशी बोलले नाहीत. त्याच जिन्यावरून वेगवेगळ्या वेळी उतरत राहिले. निवृत्त होताना बाईंनी मला कपाटावरून काढले आणि पुतणीला दिले. आता त्या नाहीत.

पुतणी अर्थशास्त्राचीच प्राध्यापक झाली. वडिलांनी तिच्याशी अबोला धरला, तो तिचे लग्न होऊन मुले मोठी होईपर्यंत. मग आई गेली, वय झाले, आणि तो तिच्याच घरी राहायला आला. त्याचे निवृत्तिवेतन एकदाच ठरलेले होते, कधीही न वाढणारे. ते नियम त्यानेच खजिनदार असताना लिहिले होते. मुलीचे फुकट खायचे नाही, हा त्याचा ताठा. दर महिन्याला तो तेवढ्याच नोटा टेबलावर मोजून ठेवी आणि म्हणे, "माझं सामान यात आण." ती मला घेऊन बाजारात जाई, पूर्ण भावाने, पूर्ण मापाने आणी, आणि स्वतःची एक नोट त्यात घालत नसे. वर्षे गेली.

एका सकाळी तिचे हात पिठात होते, म्हणून त्यानेच मला उंबऱ्यातून उचलले.

"इतकी हलकी कशी गं? काय विसरलीस?"

"काही नाही विसरले, बाबा. पैसे तेवढेच आहेत."

तो मला धरून उभा राहिला. "जरा भाव करायचास ना."

"केला असता. मग माप गेलं असतं."

त्याचा अंगठा माझ्या डाव्या काठावर आला, तिथेच थांबला, आणि मोडलेल्या वेतावरून पुढे मागे फिरला. मग त्याने मला टेबलावर ठेवले, फार हळू. त्याने माफी मागितली नाही आणि मी दिली नाही. पुढच्या वर्षी तो गेला.

मित्रांनो, मला पुसा, मला जपा, असे मी म्हणणार नाही. वेत कधी तरी कुजणारच. पण उद्या तुम्ही परीक्षा पास व्हाल, चांगल्या खुर्च्यांवर बसाल, आणि कोणी कडक इस्त्रीतला माणूस येऊन तुम्हाला हसत शेकडा नऊ म्हणून सांगेल. तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी खुर्चीतून उठा, आणि एकदा टोपली स्वतः उचलून बघा.